गढूळ पाणी आणि इलेक्ट्रॉनिक कागद

पावसाळ्यात पुलगावजवळ वर्धा नदीचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसते. हे पाणी बादलीत भरून ठेवले तर वाळू थोड्याच वेळात तळाशी बसते. गढूळपणा मात्र दुसऱ्या दिवशीही बराचसा टिकून असतो. तुरटीचा खडा फिरवला की पाणी निवळते. याचे कारण वर्गात विचारले तर ‘मातीचे कण फार बारीक असतात’ असे उत्तर येते. ते अर्धेच बरोबर आहे. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीतील चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून त्यांचे गोळे होत नाहीत आणि ते खाली बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धन आयन हा भार निष्प्रभ करतात. मग कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन तळाला जातात.

आज लाखो लोक ज्या इलेक्ट्रॉनिक कागदावर पुस्तके वाचतात, त्याचा इतिहास अशाच ओल्या मातीपासून सुरू होतो.

मॉस्को येथील प्राध्यापक फर्डिनांड रॉयस यांनी ओल्या चिकणमातीच्या गोळ्यात दोन काचनळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरले आणि त्या विद्युतघटमालेला जोडल्या. धन टोकाच्या नळीत मातीचे कण वर चढू लागले आणि पाणी गढूळ झाले. ऋण टोकाच्या नळीत पाणी स्वच्छ राहिले, पण त्याची पातळी वाढली. हे निरीक्षण १८०९ साली प्रसिद्ध झाले. व्होल्टाची बॅटरी निघून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. द्रवातील भारित कण विद्युतक्षेत्रात सरकतात, या घटनेला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस असे नाव मिळाले.

हा प्रयोग शाळेत करता येतो. शेतातली काळी माती, दोन काचनळ्या, नळ्यांच्या तळाशी थोडी धुतलेली वाळू, पेन्सिलीतील शिसाच्या कांड्या आणि ९ व्होल्टच्या दोन-तीन बॅटऱ्यांची माळ एवढे साहित्य पुरे. घरातील विजेचा वापर मुळीच करू नये. धीर मात्र हवा. कांड्यांपाशी बुडबुडे दिसतील. ते पाण्याच्या विघटनाने होणारे वायू आहेत. हे बुडबुडे लक्षात ठेवावेत, त्यांचा संबंध पुढे येणार आहे.

सव्वाशे वर्षांनी, १९३७ मध्ये, स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी याच तत्त्वाने रक्तातील प्रथिने वेगळी केली. त्यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारींच्या सांगाड्यावर, अगदी सांदीकोपऱ्यांतही, अस्तराचा रंग सारखा बसवण्यासाठी कारखान्यांत हीच युक्ती वापरतात.

पडद्याची कल्पना जपानमधील मात्सुशिता कंपनीच्या इसाओ ओटा यांची. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन पातळ पट्ट्यांमध्ये रंगीत द्रव भरायचा आणि त्यात दुसऱ्या रंगाचे भारित कण सोडायचे. विद्युतक्षेत्राने कण वरच्या पट्टीकडे आणले की त्यांचा रंग दिसतो. खाली नेले की द्रवाचा. या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. कागदाप्रमाणे तो बाहेरचाच उजेड परावर्तित करतो.

तत्त्व इतके सोपे असूनही त्यापुढची वीस-पंचवीस वर्षे बाजारात टिकेल असा पडदा तयार झाला नाही. कारण बादलीतलेच होते. कण हळूहळू तळाशी बसत, एका बाजूला वाहून जात, त्यांचे गोळे होत, आणि पडद्यावर डाग पडत. जे तुरटीने आपण मुद्दाम घडवतो, ते येथे नको असताना घडत होते. विज्ञानाच्या इतिहासात तत्त्व सापडल्याचा दिवस आपण साजरा करतो. अशा रखडलेल्या वर्षांकडे फारसे कोणी पाहत नाही. मला तीच वर्षे अधिक शिकवणारी वाटतात.

याच काळात अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत निकोलस शेरिडन यांनी वेगळी वाट धरली. अर्धी काळी, अर्धी पांढरी अशी प्लॅस्टिकची सूक्ष्म मणी तेलाच्या पोकळीत ठेवून विद्युतक्षेत्राने फिरवायची. कल्पना सुंदर होती. तिच्यासाठी काढलेली कंपनी मात्र २००५ मध्ये बंद झाली.

उत्तर आले मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून. तेथील जोसेफ जेकबसन यांच्याबरोबर बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट हे पदवी अभ्यासक्रमाचे दोन विद्यार्थी काम करत होते. त्यांनी द्रव एकाच मोठ्या पेटीत न ठेवता केसाच्या जाडीएवढ्या असंख्य पारदर्शक कुप्यांत कोंडला. कण भरकटले तरी कुपीबाहेर जाणार कुठे? १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली आणि १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये या शाईवरचा निबंध छापून आला.

पुढे विकल्या गेलेल्या पडद्यांत प्रत्येक कुपीत टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे आणि कार्बनचे काळे कण असतात. दोहोंवरचे भार विरुद्ध असतात. कणांवर बहुवारिकाचे आवरण असते, त्यामुळे ते चिकटत नाहीत. द्रव म्हणून पाणी नव्हे, स्वच्छ तेल वापरतात. तेलातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून वायूचे बुडबुडे निर्माण होत नाहीत. खालच्या पट्टीवरील सूक्ष्म ट्रान्झिस्टर ठिकठिकाणी साधारण १५ व्होल्टचा धन किंवा ऋण दाब देतात आणि अक्षर उमटते. दाब काढला तरी कण जागीच राहतात. वीज खर्च होते ती पान बदलताना. पान वाचत असताना पडद्याला वीज लागत नाही. पान उलटताना पडदा क्षणभर काळा-पांढरा होतो, तो आधीच्या पानाची पुसट छाया घालवण्यासाठी.

२००४ मध्ये सोनीने जपानमध्ये आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने अमेरिकेत या पडद्याचे वाचनयंत्र आणले. आपल्याला जवळची घटना या दोहोंच्या मधली आहे. २००६ मध्ये मोटोरोलाने मोटोफोन हा स्वस्त फोन भारतात आणला. त्याचा पडदा ई इंकचा होता. भर उन्हात अंक स्वच्छ दिसत आणि बॅटरी दीर्घकाळ पुरे. विजेची टंचाई असलेल्या खेड्यांना यापेक्षा योग्य पडदा कोणता? पण खर्च वाचवण्यासाठी त्यावर ठिपक्यांऐवजी ठरावीक आकाराचे तुकडे बसवले होते. गणकयंत्रात आकडे बनतात तशी रोमन अक्षरे त्यांतून बनत, तीही एका ओळीत सहाच. काना, वेलांटी, जोडाक्षर यांना तेथे जागाच नव्हती. ग्रामीण भारतासाठी काढलेल्या पडद्यावर ग्रामीण भारताची लिपी लिहिता येत नव्हती! दोष शाईचा नव्हता, काय छापायचे हे ठरवणाऱ्यांचा होता.

किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांचे दालन डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले. तोवर ठिपकेही बारीक झाले होते. पहिल्या किंडलवर एका इंचात १६७ ठिपके होते, २०१४ पासूनच्या काही यंत्रांत ३००. ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध्व’ यांसारखी जोडाक्षरे वाचताना हा फरक चटकन जाणवतो. दुकानांतील किमतीच्या पट्ट्यांसाठी हा पडदा फार सोयीचा ठरला. चलच्चित्रांसाठी तो निरुपयोगी नसला तरी मंदच, कारण कणांना तेलातून वाट काढत जावे लागते. थंडीत तेल घट्ट होते आणि गती आणखी घटते. म्हणून यंत्रातील तापमापक पाहून दाब किती वेळ द्यायचा हे ठरवले जाते. नेहमीच्या पडद्यांची मर्यादा साधारण ० ते ५० अंश सेल्सियस असते. विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत असे यंत्र ठेवणे बरे नव्हे.

कोणाकडे असे यंत्र असल्यास विद्यार्थ्यांना शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पडदा जरूर दाखवावा. उजेड वरून, बॅटरीने टाकावा. खालच्या आरशाचा उजेड या पडद्यातून आरपार जात नाही. अक्षराची कड नीट न्याहाळली तर वेगवेगळ्या कुप्या दिसतात, काही पूर्ण काळ्या, काही अर्ध्याच.