गवताचं मशीन आलं तेव्हा फारसं कुणी चिडलं नाही, मग मळणीचं मशीन का फोडलं?

आज शहरं पेट्रोल-डिझेलवर चालतात. २०० वर्षांपूर्वीचं लंडन घोड्यांवर चालायचं आणि घोडे वाळलेल्या गवतावर. लंडनमधल्या ‘हेमार्केट’ या रस्त्याचं नाव तिथे भरणाऱ्या गवताच्या बाजारावरूनच पडलं.

म्हणूनच इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या इस्टेटींवर जून-जुलैत एकच गडबड असायची.

काम कसं चालायचं?

लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने पुरुष गवत कापायचे. एक माणूस दिवसाला साधारण एक एकर कापायचा. हे काम बऱ्याचदा एकराच्या दराने, म्हणजे उक्तं दिलं जायचं. मागून बायका आणि मुलं गवत उलटंपालटं करून वाळवायची, दाताळ्याने ओढून ढीग लावायची. मजुरीसोबत बीअर द्यायचीही पद्धत होती.

खरी कसोटी इस्टेटीच्या कारभाऱ्याची. पाऊस आला तर गवत कुजणार. घाईत ओलसर गवताची गंजी रचली तर आत उष्णता साठून ती आपोआप पेटू शकते. त्यामुळे ऊन पडलं की मिळतील तितके हात कामाला लागायचे. आयर्लंडहूनही हंगामी मजूर यायचे.

मग मशीन आलं

ड्यूक ऑफ बेडफर्डच्या वोबर्न इस्टेटीवर काम करणाऱ्या रॉबर्ट सॅमन यांनी १८१४ च्या सुमारास घोड्याने ओढायचं, गवत उलटवणारं मशीन तयार केलं. बायका-मुलांचं काम ते करू लागलं, पण ज्या दिवसांत माणसं कमी पडतात त्याच दिवसांत.

मळणी यंत्राचं तसं नव्हतं. हाताने मळणी हे हिवाळ्याचं काम. शेतात दुसरं काहीच नसताना मजुरांची चूल त्यावर पेटायची. ते गेल्यावर उरायची फक्त गावाची तुटपुंजी मदत.

ऑगस्ट १८३० मध्ये केंट परगण्यात मजुरांनी मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली. हाच तो ‘कॅप्टन स्विंग’ उठाव. शेवटी १९ जणांना फाशी झाली, सुमारे ४८० जणांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आलं. १८३४ च्या नव्या कायद्याने गरिबांची मदत आणखी आवळली. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर ‘वर्कहाऊस’मध्ये भरती हो, असं त्याचं धोरण होतं.

थोडक्यात, मजुरांचा राग सरसकट यंत्रांवर नव्हता. वर्षातले कोणते दिवस रिकामे जाणार, यावर तो अवलंबून होता.