हिल–ॲडम्सन व्यक्तिचित्रे

डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल (१८०२–७०) हा चित्रकार आणि रॉबर्ट ॲडम्सन (१८२१–४८) हा छायाचित्रकार या जोडीने एडिंबरा येथे १८४३ पासून चार-साडेचार वर्षांत कॅलोटाइप या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीने घेतलेली व्यक्तिचित्रे. मे १८४३ मध्ये चारशेंहून अधिक धर्मोपदेशक स्कॉटलंडच्या चर्चमधून बाहेर पडले. त्या प्रसंगाचे तैलचित्र रंगवायला घेतलेल्या हिलला एवढे चेहरे टिपण्यासाठी छायाचित्रणाची वाट दाखवली ती डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने. तैलचित्र पुरे व्हायला १८६६ उजाडले. आज त्याचे मोल मुख्यतः ऐतिहासिक आहे. त्याच्यासाठी टिपणे म्हणून काढलेली छायाचित्रे मात्र स्वतंत्र कलाकृती ठरली.

या चेहऱ्यांतील भावगर्भतेचे श्रेय बहुधा संथ तंत्राला दिले जाते. भर उन्हातही बराच वेळ निश्चल बसावे लागे. तेवढ्यात क्षणिक हसू विरून जाई आणि चेहऱ्याचा स्थायी भाव तेवढा उरे. जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिननेही छायाचित्रणावरील १९३१ च्या निबंधात या दीर्घ अवधीला महत्त्व दिले आहे. हे खरे, पण अपुरे. त्याच काळातील डगेरोटाइप या धातूच्या पत्र्यावरील छायाचित्रांसाठीही लोक असेच ताटकळत बसत, तरी त्यांतले कितीतरी चेहरे ताठरलेले दिसतात. फरक पडला तो हिलच्या चित्रकाराच्या नजरेने: हात पुस्तकावर किंवा खुर्चीच्या पाठीवर विसावलेला, मान किंचित वळलेली, गडद कपड्यांच्या विस्तारातून उजळून येणारे फक्त कपाळ आणि बोटे. यावर आक्षेप असा, की निगेटिव्हच कागदाची असल्याने तंतूंमुळे बारकावे पुसट होत. मग या मृदुतेत कलावंताचे कर्तृत्व कोणते? परंतु माध्यमाची मर्यादा ओळखून तिच्या बळावर रचना करणे हेच तर कर्तृत्व. कागद बारकावे गिळणार हे धरूनच हिल छायाप्रकाशाचे मोठे पुंज मांडतो. पुढे १८६० नंतर छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनच्या हाती काचेची निगेटिव्ह होती, रेखीवपणा सहज साधला असता. तरी टीका सोसून तिने धूसरताच निवडली. १८६७ मध्ये तिने टिपलेला लेखक टॉमस कार्लाइल पाहिला, की मृदुता ही केवळ कागदाची लाचारी नव्हती हे पटते.

एडिंबराजवळच्या न्यूहेवनच्या कोळी वस्तीत या जोडीने टिपलेल्या चित्रांत रचनेचे हे सामर्थ्य सर्वाधिक जाणवते. एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल ही मासेविक्रेती कोणत्याही तैलचित्रासाठी हवी नव्हती. पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख, मासळीची टोपली, आणि कॅमेऱ्याकडे न पाहता खाली वळलेली तिची नजर.