मुखपृष्ठावरील व्यक्तिचित्र

व्यक्तिचित्रास प्रत्यक्ष व्यक्ती असावीच लागते काय, हा प्रश्न एका अमेरिकन मुखपृष्ठाच्या निमित्ताने उपस्थित होतो. १९५२ साली विनोदी चित्रकथा म्हणून निघालेल्या व १९५५ साली नियतकालिकाचे रूप घेतलेल्या ‘मॅड’च्या ३० व्या अंकावर (डिसेंबर १९५६) नॉर्मन मिंगो यांनी आल्फ्रेड ई. न्यूमन रंगविला. हा मुलगा कधी जन्मलाच नव्हता. त्याचा दात पडलेला हसरा चेहरा दंतवैद्यांच्या जुन्या जाहिरातींत आधीच वावरत होता. मिंगो यांनी मात्र त्यास राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कल्पून राजमान्य व्यक्तिचित्राची अर्धाकृती मांडणी बहाल केली. हास्य उपजते ते या विसंगतीतूनच. तात्पर्य, भारदस्तपणा बव्हंशी चित्रविषयाचा नसून चित्रसंकेताचा असतो. राजेरजवाड्यांची चित्रे अभ्यासतानाही हे विसरता कामा नये.