पंच्याहत्तरीचा आहेर

आमच्या साताऱ्याच्या छापखान्यात लग्नपत्रिकांच्या खालोखाल चालतं ते साठीशांत, पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकांचं काम. वडील खिळे जुळवायचे तेव्हापासून या पत्रिकांचा मजकूर फारसा बदललेला नाही. वर 'श्रीकृपेकरून', मध्ये तीर्थरूपांचं किंवा मातोश्रींचं नाव, खाली तिथी-वार आणि अगदी शेवटी 'कृपया आहेर आणू नये'. ही शेवटची ओळ आजही छापतो, पण अलीकडे पत्रिका टाकायला आलेली मुलंच हळूच विचारतात, "ताई, बाबांना त्यांच्या काळातलं काहीतरी द्यायचंय. काय करता येईल?" मग कोणी जन्मदिवसाचं वर्तमानपत्र फ्रेम करून मागतं, कोणी जुन्या फोटोंचं पुस्तक, कोणी जन्मसालाची नाणी शोधत येतं.

ही हौस नवी आहे, कारण वाढदिवसाची तारीखच आपल्याकडे फार जुनी नाही. आज पंच्याहत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय अंदाजानं सहा धरायचं आणि मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आई सांगायची ती वेगळीच खूण. आमच्या जिल्ह्यात कोणी इंग्रजांविरुद्धच्या पत्रीसरकारच्या धामधुमीत जन्मलेलं असे, कोणी गांधीहत्येपाठोपाठ झालेल्या अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीनंतर. म्हणून वर्तमानपत्राची फ्रेम करायला येणाऱ्याला मी आधी विचारते, तारीख दाखल्यावरची की खरी? १ जूनचा अंक मिळेलही, पण तो बहुधा मास्तरांनी ठरवलेल्या दिवसाचा असतो.

तारखेआधी वय मोजलं जाई ते पंचांगावरून. प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरांची नावं एकामागून एक येतात आणि साठ वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. शके १८८७ म्हणजे १९६५ साली विश्वावसु संवत्सर होतं. त्यात जन्मलेल्याला २०२५ च्या गुढीपाडव्याला, शके १९४७ मध्ये, तेच नाव पुन्हा भेटलं. साठीचं महत्त्व इथून येतं. शांतींची मालिका त्याआधी पन्नाशीपासूनच लागते: पन्नासाव्या वर्षी वैष्णवी, साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर गणिताच्या तासाला शोभेल असा आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि जवळपास दहा महिने लागतात. म्हणून एक्याऐंशीव्या वर्षी एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळतात.

या विधींत घेणारा कोण आणि देणारा कोण, हे बघण्यासारखं आहे. ज्याची शांत, तोच दान देतो. तीळ, तूप, वस्त्र त्याच्या हातून बाहेर जातं. सार्वजनिक सत्कारांतही हीच रीत दिसते. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षं पुरी झाली, तेव्हा पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली. त्याच दिवशी सरकारनं चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी नोटीसही त्यांच्या हातात ठेवली. थैली टिळकांनी राष्ट्रकार्याला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी, ६ जुलै १९१७ ला, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांच्या नावानं पुण्यात प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली आणि विद्वानांच्या लेखांचा गौरवग्रंथ त्यांना वाहिला गेला. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला.

मोठ्यांचे गौरवग्रंथ पाहून गावोगावचे हेडमास्तर, डॉक्टर, सोसायटीचे चेअरमन यांचे गौरव अंक निघू लागले. ट्रेडल मशीनच्या काळात फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक पुण्याहून करून आणावा लागे आणि तो महाग पडे. त्यामुळे अंकात सत्कारमूर्तींचा एकच फोटो, तोही कोट-टोपीतला, आणि उरलेल्या पानांवर शुभेच्छा व जाहिराती. माणूस कसा जगला हे त्यातून क्वचितच कळायचं. ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं, आणि फोटो स्वस्त झाले. आता पुस्तकात फोटोच फोटो असतात आणि मजकूर नावापुरता. माणूस कळण्याच्या बाबतीत आपण पूर्वी होतो तिथेच आहोत.

बाजारानं ही हौस बरोबर ओळखली. २०१७ साली सारेगामानं 'कारवां' आणला: जुन्या रेडिओसारखी पेटी, आत पाच हजार गाणी. आईवडिलांना भेट म्हणून तो भरपूर खपला. भेट चांगलीच आहे, स्वयंपाकघरात दिवसभर वाजते. पण ती कोणाच्याही वडिलांना चालते, म्हणून ती आपल्या वडिलांच्या वर्षांची नाही. नाण्यांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. हे नाणं मखमली डबीत ठेवून दिलं तर वडील बघून बाजूला ठेवतील. त्यांना पावकी-निमकी म्हणायला सांगा, आण्याच्या हिशेबात वाणी कसा फसवायचा ते विचारा. मग जेवण थंड होईल, पण बोलणं थांबणार नाही.

आमच्याकडे छापलेल्या पुस्तिकांत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती कोरेगावकडच्या एका आजींची. त्यांचे फोटो जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मुलांना लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नातीनं आजींसमोर बसून वर्षवार प्रश्न विचारले. १९७२ च्या पानावर आलं की दुष्काळात आजी खडी फोडायला जात होत्या, कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून घरी आणत होत्या. ती सुकडी खाऊन वाढलेल्या थोरल्या मुलाला ती कुठून यायची हे साठीपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रूफ वाचताना तो आमच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. पुस्तिका वाढदिवसाला आजींच्या हातात दिली खरी, पण दिलं होतं आजींनी आणि घेतलं होतं मुलांनी. शांतीच्या दानासारखंच.

म्हणून आता मी गिऱ्हाइकाला भेटवस्तूंची यादी देत नाही, काम देते. पंच्याहत्तरीला अजून वर्षभर असेल तर घरातला अल्बम, पोस्टाचं जुनं पासबुक, रेशनकार्ड, सातबारा असं जे सापडेल ते टेबलावर मांडा. आईवडिलांना शेजारी बसवा आणि विचारत जा. प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा. पेन्सिलीनंच लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते. पत्रिका छापायला महिनाभर आधी आलात तरी चालेल. या कामाला मात्र आजच लागा.