विहिरीची वही आणि केटरिंगची पोरं

गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी करायला गेलो होतो. वीसेक वर्षं जातोय. तोच थर्माकोलचा ज्वालामुखी, तीच पवनचक्की, तेच ठिबक सिंचन. एका पोराला विचारलं, "हे का केलंस रे?" तो म्हणाला, "सरांनी दिलं." खरं उत्तर होतं ते. मॉडेल शहरातल्या दुकानातून तयार आलेलं. पाठीमागे किमतीचं स्टिकर तसंच होतं.

शेवटच्या टेबलावर आठवीतली एक मुलगी बसली होती. समोर मॉडेल नाही, फक्त एक शंभरपानी वही. तिने जूनपासून दर रविवारी घरच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते लिहून ठेवलं होतं. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात पाऊस झाला की नाही. आणि खाली एक प्रश्न: "शेजारच्या बोअरची मोटर चालू असते त्या दिवशी आमचं पाणी जास्त उतरतं का?"

तिला नंबर मिळाला नाही. मॉडेल नव्हतं ना. परीक्षकांना काय बोलू, मी स्वतःच बातमी पहिल्या तीन नंबरांची दिली आणि फोटो ज्वालामुखीचा छापला. त्या पोरीचा एका ओळीतसुद्धा उल्लेख केला नाही. ते अजून खुपतंय, म्हणून आज हे लिहितोय. पण त्यासाठी आधी इंग्लंडमधल्या एका शाळेची गोष्ट सांगावी लागेल.

केटरिंग हे नॉर्दम्प्टनशायरमधलं छोटं गाव. तिथल्या मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे मास्तर भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांचे सहकारी डेरेक स्लेटर रसायनशास्त्र शिकवायचे आणि त्यांना हौशी रेडिओचा नाद होता. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा स्लेटरांनी त्याचा 'बीप बीप' आपल्या रिसीव्हरवर ऐकला. पुढे पेरींच्या डोक्यात आलं की पोरांना डॉप्लर परिणाम शिकवायला यापेक्षा चांगलं साधन कुठलं?

डॉप्लर म्हणजे काही अवघड नाही. हॉर्न वाजवत एसटी आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. उपग्रहाच्या रेडिओ संदेशाचंही तसंच. सूर सगळ्यात वेगाने उतरतो त्या क्षणी उपग्रह आपल्या सगळ्यात जवळ असतो. ती वेळ टिपायची. तासा-दीड तासाने तो पृथ्वीला फेरी मारून पुन्हा येतो, पुन्हा टिपायची. एक रिसीव्हर, घड्याळ आणि वही, एवढंच सामान. मास्तर आणि पोरं वर्षानुवर्षं वेळा टिपत राहिली. त्यातून उपग्रहाचा मार्ग गणिताने काढता यायला लागला.

मग १७ मार्च १९६६ रोजी रशियाने कॉसमॉस ११२ सोडला. केटरिंगच्या वहीतल्या वेळा नेहमीच्या हिशेबात बसेनात. त्याची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ७२ अंशांचा कोन करत होती, आधीच्या कॉसमॉस उपग्रहांपेक्षा वेगळी. मार्ग मागे मोजत नेला तर तो बैकोनूरच्या तळाशीही जुळेना. मोजण्यात चूक झाली म्हणून पान फाडता आलं असतं. पेरींनी ते फाडलं नाही, पुढच्या उपग्रहांची वाट पाहिली. ऑक्टोबरात कॉसमॉस १२९ गेला, त्याची कक्षा वेगळ्या कोनाची. दोघांचे मार्ग नकाशावर मागे ओढले तेव्हा रेषा उत्तर रशियात प्लेसेत्स्कपाशी एकमेकींना छेदल्या. मॉस्कोच्या उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर!

तिथे गुप्त प्रक्षेपण तळ होता. अमेरिकेच्या हेरखात्याला तो ठाऊक होता, पण त्यांनी जगाला सांगितलं नव्हतं. जगाला सांगितलं ते एका शाळेने. रशियाने हा तळ अधिकृतपणे मान्य केला तो १९८३ साली. १९७३ मध्ये ब्रिटनने पेरींना एमबीई हा किताब दिला.

ही गोष्ट वाचल्यावर मी पेरींचाच विचार करत बसलो. त्यांच्याकडे पीएचडी घ्यायला आलेले विद्यार्थी नव्हते, मोठी प्रयोगशाळाही नव्हती. मग त्यांनी पोरांना काय दिलं? माझ्या मते तीन गोष्टी. एक, ज्याचं उत्तर स्वतः मास्तरांनाही माहीत नाही असा प्रश्न. दोन, रोज नोंद करायची शिस्त. तीन, आकडा जुळला नाही की पोराला न झापता "का जुळला नाही?" असं विचारणारा मोठा माणूस.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? अजिबात नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू केली. १० ते १७ वयाची मुलं, सोबत एक मार्गदर्शक, आणि आपल्याच परिसरातल्या प्रश्नावर पाहणी किंवा प्रयोग. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. तिथे मॉडेल मांडायचं नसतं, आपण काय मोजलं आणि त्यातून काय निघालं ते सांगायचं असतं. म्हणजे विहिरीची वही घेऊन जायची जागा तीस वर्षांपूर्वीच तयार झाली आहे. आपल्याच भागातल्या किती शाळांनी तिथे प्रकल्प पाठवला, ते विचारून बघा.

अडचण मला माहीत आहे. शिक्षकांना निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायची, वर दहावीचा निकाल. सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. पण मार्गदर्शक शिक्षकच असला पाहिजे असं कुठे आहे? आपल्या गावात भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, कृषी खात्यातली माणसं आहेत, पॅथॉलॉजी लॅबवाले आहेत, मोटर रिवाइंडिंग करणारे कारागीर आहेत. बोअरची मोटर किती तास चालली की पाणी किती उतरतं, हे त्या कारागिराइतकं कोणाला कळणार? आठवड्यातून एक तास, दोन-तीन पोरं, एक प्रश्न. उत्तर सांगायचं नाही, सोबत बसायचं.

आणि शाळांना, परीक्षकांना हात जोडून विनंती. या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात निम्मे गुण नोंदवहीला द्या. दुकानातून आणलेलं मॉडेल वही दाखवू शकणार नाही, आपोआप मागे पडेल.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. मागच्या आठवड्यात त्या मुलीच्या गावी जाऊन आलो. ती आता नववीत आहे. वही बंद पडली असेल असं वाटलं होतं, पण दुसरी वही सुरू आहे. बोअरवाल्या शेजाऱ्यांनीही मोटर चालू-बंद केल्याच्या वेळा लिहून द्यायला सुरुवात केली आहे. तिला अजून उत्तर सापडलेलं नाही. मार्गदर्शकही नाही.

भूजलातलं ज्यांना कळतं असे कोणी आपल्या तालुक्यात असतील तर मला सांगा. रविवारी मी गाडीवर बसवून घेऊन जातो.