रिहंदच्या पाण्याचा ताप

माणसाचा ताप काखेत थर्मामीटर लावून मोजता येतो. अख्ख्या तलावाचा कसा मोजायचा? आज मी ती गोष्ट सांगणार आहे.

उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात १९६२ साली रिहंद धरण पूर्ण झालं. मागे जो तलाव झाला, तो गोविंद वल्लभ पंत सागर. हजारो कुटुंबांची घरंदारं त्यात बुडाली. शेजारी सिंगरौलीचा कोळसा आणि समोर मुबलक पाणी, त्यामुळे काठावर वीजकेंद्रं येत गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिंगरौली औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तिथली पद्धत अशी, की तलावातलं पाणी घ्यायचं, त्यानं वाफ थंड करायची आणि तापलेलं पाणी परत तलावात सोडायचं.

त्यात बिघडलं काय? गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना तर तो जास्त लागतो. मासा हलला, की जाळं टाकणाऱ्याचं पोट हललं. बरं, काठावर थर्मामीटर बुडवला तर एका जागेचं तापमान कळेल. ऊन पाणी किती लांब पसरलं, ते नाही कळणार.

योगायोग बघा, त्याच वर्षी जुलैत लँडसॅट-४ अवकाशात गेला. पाण्यातून निघणारी उष्णता टिपणारा पट्टा त्यात होता. चित्रातला एक ठिपका म्हणजे १२० मीटर. १९८४ मध्ये लँडसॅट-५ गेला आणि २०११ पर्यंत उष्णतेची चित्रं पाठवत राहिला.

पण केंद्र पाच महिने आधीच सुरू झालेलं! मग आधीचं तापमान आणायचं कुठून? उत्तर त्याच चित्रात आहे. केंद्रापासून लांबचं, तितक्याच खोलीचं पाणी निवडायचं आणि सोडलेल्या पाण्याशी ताडून बघायचं. दिवस तोच, ऊन तेच. उरलेला फरक बहुतांशी केंद्राचा. यासाठी हिवाळा बरा, कारण पावसाळ्यात ढगांआडचं काही दिसत नाही. आणि हो, उपग्रहाला पाण्याची फक्त वरची साय दिसते. खोलीसाठी होडी घेऊन जावंच लागतं.

२००८ पासून ही जुनी चित्रं सगळ्यांना फुकट मिळतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आता काठावरचा कोळी म्हणाला, ‘पाणी पूर्वी असं नव्हतं,’ तर त्याचं म्हणणं वर्षावर्षाच्या चित्रांवर तपासता येतं. भेटू पुढच्या भागात.