छत्तीसगड : आर्सेनिकयुक्त पाणी आणि तरुणांतील त्वचेचा कर्करोग

त्वचेच्या कर्करोगाचे प्रमुख कारण म्हणून जगभर सूर्याच्या अतिनील किरणांचा उल्लेख होतो. भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे या किरणांपासून बरेच संरक्षण मिळते. त्यामुळे देशातील एकूण कर्करुग्णांत या रोगाचे प्रमाण अल्प आहे. छत्तीसगडच्या काही गावांत मात्र या रोगाचा धोका पिण्याच्या पाण्यातून उद्भवला आहे.

कौडीकसा परिसर

राजधानी रायपूरपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, महाराष्ट्राच्या सीमेकडील अंबागड चौकी भागाच्या भूजलात आर्सेनिक, म्हणजेच सोमल, आढळते. पूर्वी राजनांदगाव जिल्ह्यात असलेला हा भाग २०२२ पासून मोहला-मानपूर-अंबागड चौकी या नव्या जिल्ह्यात आहे. कौडीकसा व आसपासच्या गावांतील काही विहिरी व कूपनलिका दूषित असल्याचा अहवाल जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढांबरोबरच मुलांच्या त्वचेवरही विषबाधेची लक्षणे त्यांना आढळली. हे आर्सेनिक तेथील प्राचीन खडकांतून पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे.

तरुण वय महत्त्वाचे का?

विषबाधेत प्रथम छाती व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उमटतात. नंतर तळहात व तळपायांची कातडी जाड होऊन तिच्यावर टणक उंचवटे येतात. त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. या वाटचालीस बहुधा अनेक वर्षे, कधी दशके लागतात. म्हणजेच बालपणी प्यालेल्या पाण्याचे परिणाम ऐन कर्तेपणाच्या वयात दिसू शकतात.

तैवानमधील ४०,४२१ रहिवाशांच्या १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हजारी १०.६ जणांना त्वचेचा कर्करोग आढळला. त्यांतील सर्वांत तरुण रुग्ण २४ वर्षांचा होता. त्वचेचे ठिपके मात्र तीन वर्षांच्या बालकातही दिसले होते.

जगातील कल

मेलॅनोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग होय. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून उन्हापासून बचावाची मोहीम राबवली गेली आणि पुढे तेथील तरुणांत मेलॅनोमाचे प्रमाण घटले. अमेरिकेतही २००६ नंतरच्या दशकात तरुणांमध्ये अशीच घट नोंदली गेली. तेथे रोग त्वचेपुरता मर्यादित असताना निदान झालेल्यांपैकी जवळजवळ सर्व रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येते. २०११ पासून उपलब्ध झालेल्या प्रतिकारशक्तीवर आधारित औषधांमुळे प्रगत अवस्थेतील रुग्णांचे आयुर्मानही वाढले आहे.

निदान व प्रतिबंध

आर्सेनिकजन्य कर्करोग बहुधा मेलॅनोमाहून कमी आक्रमक असतो. वेळीच लक्षात आल्यास छोट्या शस्त्रक्रियेने तो बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाल्यास लसिकाग्रंथींपर्यंत पसरतो. आर्सेनिकमुळे फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. रायपूर येथे डॉ. आंबेडकर रुग्णालयातील प्रादेशिक कर्करोग केंद्र तसेच २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या उपचारसंस्था आहेत.

न भरणारा व्रण, वाढणारा किंवा रक्त येणारा उंचवटा, तळपायावरील बदलता काळा डाग ही लक्षणे आढळल्यास तातडीने तपासणी आवश्यक आहे. पाणी उकळल्याने आर्सेनिक नष्ट होत नाही आणि रंग, वास वा चवीवरून ते ओळखताही येत नाही. जलस्रोताची प्रयोगशाळेत तपासणी करणे आणि दूषित हातपंपाऐवजी सुरक्षित पाणी पुरवणे, विशेषतः लहान मुलांना, हाच खात्रीचा उपाय होय.